तीन नंबरच्या टेबलाची रेघ

गोव्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी दर्शनाचा उजवा हात टेबलावर पालथा ठेवला आणि अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या जागेवर आपलं बोट दाबलं. बोट आत गेलं. तिथे मांस असायला हवं होतं, ते नव्हतं. तिचा नवरा उल्हास तुळसकर शेजारच्या खुर्चीत बसून बघत होता. तो हात त्याने एकोणीस वर्षं रोज पाहिला होता. तो खड्डा मात्र त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"किती दिवस झाले?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचं आडनाव प्रभुदेसाई.

"दोन महिने," दर्शना म्हणाली.

"दोन महिन्यांत एवढं होत नाही. निदान वर्ष झालंय."

"नाही, डॉक्टर," उल्हास म्हणाला. "तिच्या हाताची रेघ आहे माझ्याकडे. दर महिन्याला बघतो मी."

त्याने फोन काढून त्यांच्यापुढे धरला. उल्हास मूळचा वायरमन, आयटीआय झालेला. वेंगुर्ल्याच्या आसपासच्या काजू कारखान्यांत त्याने आधी मोटारी दुरुस्त केल्या आणि मग बोर्ड बसवायला सुरुवात केली. बोर्ड म्हणजे ऑफिसातला मोठा पडदा. कुठल्या टेबलावर किती काजू सोलला, किती अख्खा निघाला, किती पाकळी झाली, किती तुकडा, हे त्यावर दिसतं. प्रत्येक बाईच्या ट्रेखाली वजनाची पट्टी आणि टेबलावर छोटा कॅमेरा असतो. भाजलेल्या काजूची साल आता यंत्रं काढतात, पण चिकटून राहिलेली साल शेवटी बायकांनाच चिमटीने काढावी लागते. बोर्ड त्या हातांचा रोजचा हिशेब एकेका रेघेत ठेवतो आणि उल्हास मालकांशेजारी बसून त्यांना तो वाचायला शिकवतो. असे नऊ कारखाने त्याच्याकडे होते. दर्शना त्यांतल्याच एकात, नेरुरकरांच्या कारखान्यात, तीन नंबरच्या टेबलावर सोलायला बसायची.

डॉक्टरांनी फोनवरची रेघ पाहिली. रोज नऊ किलो. वर्षभर नऊ किलो.

"ही रेघ या हाताची नाही," त्या म्हणाल्या.

उल्हासला राग आला. पण त्या शांतपणे समजावून सांगू लागल्या. माणसाच्या कण्यात मज्जापेशी असतात. एकेक पेशी स्नायूच्या धाग्यांची एकेक जुडी हलवते. या आजारात त्या पेशी एकामागून एक मरतात. एक पेशी मेली की तिचे धागे पोरके होतात, पण शेजारच्या पेशी नवे फाटे काढून त्या धाग्यांना आपल्यात घेतात. म्हणून हात चालत राहतो. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही आणि खुद्द त्या माणसालाही कळत नाही. निम्म्याहून जास्त पेशी गेल्या की मग शेजारच्यांनाही झेपत नाही, आणि हात एकदम पडल्यासारखा होतो.

"शेजारच्या पेशी भार उचलतात," डॉक्टर म्हणाल्या, "म्हणून आजार लपतो."

इतका वेळ गप्प असलेली दर्शना म्हणाली, "म्हणजे मूठ."

डॉक्टरांना ते समजलं नाही. उल्हासलाही नाही. डॉक्टर औषधाकडे वळल्या. चार वर्षांपूर्वी एक औषध आलं होतं. पाठीच्या कण्यात टोचायचं. ज्या पेशी शिल्लक आहेत त्या त्याने पुष्कळ वर्षं टिकतात. मेलेल्या मात्र परत येत नाहीत. निम्म्या पेशी जिवंत असतील तर उपयोग. दर्शनाच्या चाचणीत पाव हिस्साही उरला नव्हता. श्वासाच्या स्नायूंपर्यंत आजार पोचला होता.

"वर्षभर आधी आला असतात तर मी आज दुसरं काही सांगितलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी हे सांगितलं ते बरं केलं असं उल्हासला पुढे वाटलं. त्या दिवशी तसं वाटलं नाही.

कँटीनमध्ये चहा घेताना दर्शनाने कप दोन्ही हातांनी धरला होता.

"मूठ म्हंजे काय?" त्याने विचारलं.

"आमच्या टेबलाची रीत ती. कोण पोटुशी असली, कोणाक ताप इलो, कोणाच्या घरात मयत झाला, तर हात चलना नाय मा? मगे बाकीच्यो जणी आपल्या ट्रेतली एकेक मूठ तिच्या ट्रेत टाकतत. माझ्या सासूच्या वक्तापासून चलता ह्या. तेवा तराजू होतो, आता तुमचो बोर्ड आसा."

"आणि तुझ्या ट्रेत?"

"पडत होती."

"कोणाकोणाची?"

"नावां सांगूचंय नाय."

"माका तरी सांगूचा होता."

"तुमका?" ती हसली. "तुमी बोर्डवाले."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "माका वाटला, बियेचा तेल लागान हात आखडलो. सगळ्यांचोच आखडता."

*

त्यानंतर दर्शना चौदा महिने जगली. आधी उजवा हात गेला, मग डावा, मग बोलणं. उल्हास तिला पेज भरवायचा. तो बाजारातून मासे आणायचा आणि ते तिला दाखवायचा. मासळी शिळी असली तर ती डोळे मिटून घ्यायची. त्यांना मूल नव्हतं. टेबलावरच्या बायका दर रविवारी पाळीने यायच्या, तिचे केस विंचरायच्या आणि कारखान्यातल्या गजाली सांगायच्या. बोलणं बंद व्हायच्या आधी तिने उल्हासला एक गोष्ट सांगितली होती.

"मूठ मोडू नकात."

त्याने हो म्हटलं होतं. ते किती जड आहे हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं.

तिचे दिवस झाले, महिना झाला आणि तो परत कामाला लागला. नेरुरकर शेटच्या ऑफिसात बोर्डाशेजारी अजून दर्शनाचा फोटो लावलेला होता. खाली लिहिलं होतं, 'सर्वांत स्थिर हात'. दोन वर्षांपूर्वी उल्हासनेच तो मान बोर्डातून काढला होता. तेव्हा त्याने तिला चिडवलंही होतं, की बाकीच्यांच्या रेघा डोंगरासारख्या आणि तुझी बघ, ओळंबा लावून मारल्यासारखी. ती तेव्हा काही बोलली नव्हती.

शेट म्हणाले, "फोटो काढू काय रे? तुला त्रास होत असेल तर..."

"राहू दे," उल्हास म्हणाला आणि जुने आकडे उघडून बसला.

त्याने फार मोठं काही केलं नाही. तीन नंबरच्या टेबलावरच्या बारा बायकांच्या बारा रेघा घेतल्या आणि त्यांची बेरीज केली. सहा वर्षांत ही बेरीज त्याने कधी केली नव्हती, कारण शेटना नावं हवी असायची आणि तो नावं दाखवायचा. टेबल रोज एकशे आठ किलो सोलत असे. हॉस्पिटलात जायच्या आदल्या वर्षीच्या श्रावणापासून बेरीज घसरायला लागली होती. पुढच्या श्रावणात ती एकशे तीन झाली. पाच किलो कमी. दर्शनाची रेघ नवावरच होती. म्हणजे शेवटी तिचा स्वतःचा हात चार किलोच सोलत होता आणि बाकीचे पाच किलो सात जणींच्या ट्रेमधून मुठीमुठीने तिच्याकडे येत होते. कोणाचे अर्धा किलो, कोणाचे पाऊण. सुलभा आरोलकरचे सगळ्यांत जास्त, सव्वा किलो.

आणखी एक गोष्ट त्याला दिसली. श्रावणाच्या आधी दर्शनाची रेघ हलती होती. एखाद्या दिवशी साडेनऊ, एखाद्या दिवशी साडेआठ, सणाच्या आदल्या दिवशी आठ. श्रावणानंतर मात्र रोज नऊ, छटाकभर इकडे की तिकडे नाही. बायका ट्रेखालचा आकडा बघून नऊ भरेपर्यंत मूठ टाकत होत्या आणि नऊ भरले की थांबत होत्या. चालत्या हाताची रेघ इतकी सरळ नसते. हे त्याला कळायला हवं होतं, कारण तेच त्याचं काम होतं. त्याने त्या सरळपणाला बक्षीस दिलं.

आणि सुलभाच्या नावापुढे त्या वर्षी पिवळं टिंब आलं होतं. उत्पादन घटलं. शेटनी विचारलं होतं, काय करू? उल्हास म्हणाला होता, सोलायला तिचा हात आता मंद झालाय, तिला बी फोडायच्या शेडमध्ये घाला. तिथे टरफलाचं तेल उडतं आणि हाताची कातडी सोलून निघते. सुलभा तिथे चार महिने होती.

*

वजनावर त्याचा विश्वास उरला नाही. वजन एका ट्रेमधून दुसऱ्या ट्रेमध्ये टाकता येतं. चिमटी मात्र दुसऱ्याला देता येत नाही.

टेबलावरचे कॅमेरे अख्खा आणि पाकळी ओळखण्यासाठी लावलेले होते. पण बोटंही त्यात दिसत होतीच. आजवर ती चित्रं कोणी वाचली नव्हती. उल्हासने त्यांतून एकच गोष्ट मोजायला घेतली. अंगठा आणि पहिलं बोट एकदा मिटून पुन्हा मिटेपर्यंत किती वेळ जातो, आणि सकाळच्या मानाने दुपारी तो किती वाढतो. सगळ्यांचाच हात दुपारी दमतो. या आजारात अंगठ्याकडची बाजू करंगळीच्या बाजूपेक्षा आधी दमते, हे त्याने डॉ. प्रभुदेसाईंना फोन करून विचारून घेतलं होतं. दर्शनाच्या जुन्या चित्रांवर त्याने ते लावून पाहिलं. तिचा अंगठा आषाढातच मागे पडायला लागला होता. बायकांनी पहिली मूठ टाकली त्याच्याही आधी महिनाभर.

डॉक्टरांनी ते सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "हे निदान नव्हे, हे लक्षात ठेवा. सांधे धरले, नस दबली, तरी असं दिसेल. दहा जणींकडे बोट दाखवलंत तर सात-आठ जणींना हा आजार नसेल. पण त्या दहा जणींना माझ्याकडे पाठवा. हातात वर्षभर वेळ मिळतो."

मग त्याने चालू महिन्याची चित्रं लावली. तीन नंबरच्या टेबलावर एक नाव आलं. सुलभा आरोलकर. तिची वजनाची रेघ त्याने उघडली. ती तीन आठवडे सरळ होती.

शेट मागे कधी येऊन उभे राहिले ते त्याला कळलं नाही.

"हे काय नवीन?" त्यांनी विचारलं. उल्हासला खोटं बोलायची सवय नव्हती. त्याने सांगितलं, मूठही सांगितली.

नेरुरकर वाईट माणूस नव्हते. ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ दर्शनाच्या फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बोर्डावर घाल हे. लाल टिंब दे."

"दिलं, तर काय कराल?"

"सुलभाला घरी बसवीन. पगार देईन. पण आजारी आहे हे माहीत असून टेबलावर बसवली आणि उद्या काही झालं, तर जबाबदार कोण? मी. आणि ती मूठबीठ बंद. कोणाचं काम कोणाच्या नावावर! मग मी तुझा बोर्ड घेतला कशाला?"

"शेट, थोडे दिवस द्या."

"सोमवारपर्यंत. तुझ्या बायकोसाठी म्हणून देतो. सोमवारी हे बोर्डावर दिसलं नाही तर मी दुसरा माणूस आणीन, आणि तो घालील."

ते खरंच होतं. हे काम करणारी पोरं कोल्हापुरात पुष्कळ होती. उद्या त्यांतला कोणीही येऊन एका दुपारी लाल टिंबं लावून गेला असता. मग पहिल्या बाईला घरी बसवलेलं पाहून बाकीच्यांनी हात लपवले असते, आणि डॉक्टरकडे कोणीच गेली नसती.

*

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तो टेबलावर जाऊन बसला. डबे उघडलेले होते. त्याला बघून बायकांचं बोलणं थांबलं. नंदा गिरप त्या टेबलावर सगळ्यांत जुनी, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"भावजीनू, आज बोर्ड खाली इलो?" ती म्हणाली. "बसा. काय केलात जेवणाक?"

"पेज."

"पेज, आणि काय तोंडाक लावक?"

"लोणचा."

"दर्शनान बघल्यान असता तर बाजारात धाडल्यान असता तुमका. गो, ह्यांका सुंगटा वाढ."

कोणीतरी त्याच्यापुढे झाकणात भात आणि सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी ठेवली. त्याने दोन घास खाल्ले. मग श्रावणापासूनची सगळी हकिकत सांगितली. पाच किलो, सात जणी, सरळ रेघ. डॉक्टर वर्षभर म्हणाल्या होत्या, तेही सांगितलं. डब्यांत चालणारे हात एकेक करून थांबले.

नंदा म्हणाली, "आमच्या मुठीन ती मेली, असा सांगूक इलात काय?"

"नाय. मुठीन ती वरीसभर तुमच्यात बसली. मी बोर्ड लावलंय आणि रेघ बघत रवलंय. हात बघूक नाय. घरात होतो हात, तरी बघूक नाय."

एकीने पदर डोळ्यांना लावला. नंदाने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"मगे आता काय?" ती म्हणाली.

उल्हासने सुलभाला बाहेर बोलावलं. ती पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी बाई. ती नळावर डबा धूत होती. आधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय दुसरी सांगता येणार नाही, हे त्याने ठरवलं होतं.

"वहिनी, तुमका फोडूच्या शेडीत धाडा असा शेटाक मीच सांगितलंय तेवा."

"ठाऊक आसा."

"ठाऊक आसा?"

"शेटान तेवाच सांगितल्यान, तुळसकर म्हणता म्हणान." तिने डबा उपडा करून झटकला. "दर्शनाकव ठाऊक होता. ती रडली. मी म्हटलंय, गप रव. घोवाच्या कामात पडू नको."

दर्शनाला ते माहीत होतं आणि तरी ती त्याला घरी कधी एका शब्दाने बोलली नव्हती.

"हातांची साला गेली तुमच्या," तो म्हणाला.

"गेली तशी इली परत. तुमी कित्याक इलात ता सांगा."

त्याने सांगितलं. तिने उजवा हात पुढे केला, स्वतःच उलटा केला आणि अंगठ्याशेजारी दाबून पाहिलं. खड्डा नव्हता. पण तिने हात लगेच पदराखाली घेतला.

"माका न इचारता बघलात," ती म्हणाली.

"व्हय. चुकला माझा."

"पिन सुटता हातातसून," ती जरा वेळाने म्हणाली. "सकाळी वेणी घालताना. महिनो झालो. तीन आठवडे ह्यो मूठ टाकतत. मी नको म्हटलंय, तरी टाकतत." मग म्हणाली, "शेट घरी बसवतलो माका. घरी कोण आसा? चार भिंती. पगार देतलो म्हणता, पण मी बोलू कोणाकडे? आणि माझ्या नावान मूठ बंद झाली तर ह्या पोरी उद्या पोटुशी रवल्यो की काय करतल्यो? तसा होणार असात तर माका डॉक्टर नको."

"औषध वेळेत मिळाला तर..."

"आयकलंय मी. तरी नको."

ती आत गेली. उल्हास नळापाशी उभा राहिला. तीन दिवस हातात होते. बोर्डावर टिंब लावावं तर ही बाई डॉक्टरकडे जाणार नव्हती. न लावावं तर दुसरा कोणी लावणार होता.

तो परत टेबलावर गेला आणि हे सगळं जसंच्या तसं सगळ्यांपुढे ठेवलं. सुलभाने त्याला अडवलं नाही. त्याला वाटलं होतं की बायका चिडतील. त्या भांडायला लागल्या, पण आपसात. एक म्हणाली कॅमेऱ्यावर फडका टाका. दुसरी म्हणाली फडका टाकलो तर शेट आपल्याक टाकतलो. शेवटी नंदा म्हणाली,

"भावजीनू, तुमच्या घरात भाकरी कोण किती भाजता ता कोणी लिवून ठेवता काय? चूल एक, टोपलो एक. तुमी टेबलाची एकच रेघ करा. बाराजणींची. शेटाक काजू होयो, तो मिळतलो. हातांचा काय ता आमचा आमका दाखवा."

उल्हास तिच्याकडे बघतच राहिला. दर्शनाचा आजार त्याला अखेर दिसला होता तो त्याच एका बेरजेत.

"ह्या तुमी आधी का सांगूक नाय?"

"तुमी आधी इचारूक नाय."

*

सोमवारी शेट आले तेव्हा बोर्डावर तीन नंबरच्या टेबलापुढे बारा नावांऐवजी एक रेघ होती.

"नावं कुठे गेली?"

"काढली."

"लाल टिंब?"

"नाही लावलं."

शेटनी फोन काढला. कोल्हापूरला लावत असावेत. उल्हास म्हणाला, "लावा फोन. त्याआधी एकच सांगा. सहा वर्षांत नावं बघून तुम्ही किती निर्णय घेतलेत?"

"किती म्हणजे? बोर्ड त्यासाठीच तर आहे."

"मी मोजलेत. दोन. सुलभाला फोडायच्या शेडमध्ये घातलीत. दर्शनाला सर्वांत स्थिर ठरवून नव्या पोरींना तिचा आकडा गाठायला दिलात. दोन्ही चुकले. आणि दोन्ही मी सांगितलेले. टेबलाची बेरीज बघितली असती तर श्रावणातच कळलं असतं की या टेबलावर काहीतरी झालंय. मग खाली जाऊन विचारलं असतं. विचारायला किती वेळ लागतो?"

शेटचं बोट फोनवर थांबलं.

"माझा धंदा हा आहे, शेट. बोर्ड तुम्हाला चांगला निर्णय घ्यायला मदत करतो असं मी सगळीकडे सांगत फिरतो. नाव दिसलं की आपण माणूस बदलतो. बेरीज दिसली की चौकशी करतो. मला हे कळायला माझी बायको जावी लागली."

"आणि आजाराचं?"

"चिमटीचं मोजमाप कॅमेऱ्याला जोडलेल्या, टेबलाखालच्या डब्यात राहील. वर येणार नाही. जिला बघायचं ती शनिवारी स्वतः बघेल. काही दिसलं तर डॉक्टरकडे जाईल."

"मी मालक आहे. मला कळायला नको?"

"ती सांगेल तेव्हा कळेल. तुम्ही घरी बसवणार नाही असं लिहून दिलंत तर लवकर सांगेल."

शेटनी फोन टेबलावर ठेवला. फोटोकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं.

"तीन महिने," ते म्हणाले. "एवढ्या एकाच टेबलापुरतं. बेरीज पडली तर नावं परत लावायची, आणि लावायला दुसरा माणूस येईल."

"चालेल."

"आणि लिहून काय द्यायचं ते तूच लिहून आण. मला वकिली भाषा नको."

उल्हासने ते अर्ध्या पानात लिहिलं. शेटनी सही केली. नंदाने तो कागद मोठ्याने वाचून घेतला आणि नंतरच सुलभाला म्हणाली, "जा आता, लाडां पुरे झाली."

बुधवारी उल्हास तिला घेऊन गोव्याला गेला. ज्या खोलीत तो दर्शनाबरोबर बसला होता त्याच खोलीबाहेर तो बसून राहिला. आत जायला सुलभाने त्याला नको म्हटलं होतं. पाऊण तासाने ती बाहेर आली आणि म्हणाली, "तोच आजार आसा." मग म्हणाली, "अर्ध्याच्या वर जित्यो आसत, म्हणता."

तिचं पहिलं इंजेक्शन त्याच आठवड्यात झालं, दुसरं महिन्याने. हात आहे तेवढा टिकेल असं डॉक्टर म्हणतात, पण सहा महिन्यांची चाचणी झाल्याशिवाय नक्की सांगत नाहीत. सुलभा रोज सात किलोच्या आसपास सोलते. वेणी शेजारीण घालून देते. तिच्या ट्रेमध्ये मुठी पडतात आणि आता त्या लपवाव्या लागत नाहीत. शनिवारी बारा जणी एकेक करून टेबलाखालचा डबा उघडून आपापला हात बघतात. त्या वेळी उल्हासला तिथे थांबू देत नाहीत. टेबलाची बेरीज एकशे सहा आहे. तीन महिने झाले तेव्हा शेट बोर्डाकडे बघून एवढंच म्हणाले, "दोन नंबरचंही तसंच कर."

बाकीच्या आठ कारखान्यांत त्याने हेच सांगून पाहिलं. दोघा मालकांनी विचार करतो म्हटलं. पाच जणांनी नको म्हटलं. एकाने बोर्डच काढून न्यायला सांगितला, तो त्याने काढून आणला.

या वेळी त्याने बायकांची बोटं त्यांना विचारल्याशिवाय बघितली नाहीत. वजनाच्या रेघा मात्र सगळ्यांना दिसतात, त्या तो बघतो. उरलेल्या सात कारखान्यांत मिळून सात रेघा त्याला जास्त सरळ वाटल्या. त्यांतल्या चौघींच्या घरी तो जाऊन आला. दोघी पोटुशी होत्या, एकीचं मनगट मोडलं होतं, आणि एक डॉक्टरकडे जायला तयार झाली. उरलेल्या तिघींना अजून सांगायचं आहे.